इंजिन न उघडताच ‘बदललेली’ टायमिंग चेन

मोटरसायकलवर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला अ‍ॅक्सिलरेटर सोडला की पायाखालून खड् खड् खड्, पुन्हा पिळला की एक झटका आणि गप्प. एवढंच दुखणं होतं. मेकॅनिकने गाडी डबल स्टँडवर घेतली, न्यूट्रलमध्ये दोन-चारदा रेस दिली, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून म्हणाला, “टायमिंग चेन गेलीय. इंजिन खोलावं लागेल.” (टायमिंग चेन म्हणजे इंजिनाच्या आतली, व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर करवणारी साखळी.) मग स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. “तुम्हीच ऐका.” मलाही ऐकू आलं. त्याने आत मांजर अडकलंय म्हणून सांगितलं असतं तर म्यांवसुद्धा ऐकू आलं असतं!

संध्याकाळी गाडी मिळाली, सोबत ‘जुने पार्ट’ पिशवीत बांधून. खडखड खरंच गेली होती. इंजिनकामाचे पैसे मोजले, वर आभारही मानले.

थोड्याच दिवसांत नवा आवाज सुरू झाला. वेग वाढेल तशी चढत जाणारी घूंऽऽ. या वेळी मोकळ्या रस्त्यावर क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू दिली. इंजिन आयडलवर आलं, पण घूं चाकाबरोबरच चालू राहिली, चाक मंदावलं तशी उतरली. म्हणजे दुखणं इंजिनात नव्हे, मागचं चाक फिरवणाऱ्या चेनमध्ये, तिच्या दातेरी चक्रात (स्प्रॉकेट) किंवा बेअरिंगमध्ये. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: पहिली खडखड गाडी चालतानाच यायची, आणि त्याने मला ऐकवलं ते उभ्या गाडीचं इंजिन. टायमिंग चेन वाजत असती तर ती न्यूट्रलमध्येही वाजली असती. सैल पडलेली मागची चेन कव्हरला आपटत होती, बस्स.

चेनकव्हरचं रबरी बूच काढून बोट घातलं. चेन तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणलेली. बऱ्याच साध्या गाड्यांना खालच्या बाजूच्या मधोमध 20 ते 30 मिलिमीटरच्या आसपास खेळ, म्हणजे वर-खाली हलायची मोकळीक, लागतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. माझ्या चेनला 5 मिलिमीटरही नव्हता. माणूस बसून सस्पेन्शन दबलं की चेन आणखी ताणली जाते, आणि तो सगळा ताण बेअरिंगवर येतो. चेनचा ताण कमी-जास्त करणाऱ्या अ‍ॅडजस्टरच्या गंजक्या आट्यांवर नटाने नुकतीच घासलेली चकचकीत पट्टी दिसत होती. काम झालं होतं ते एवढंच. इंजिनाच्या हेडकव्हरच्या बोल्टांच्या खाचांत मात्र वाळलेला चिखल जसाच्या तसा.

मग पिशवी उघडली. आतली टायमिंग चेन गंजलेली! जी चेन जन्मभर इंजिन ऑइलमध्ये फिरते, तिला गंज चढेल कसा? महिनोन्‌महिने उघड्यावर पडलेली ती कुणाची तरी चेन, न जाणो किती गिऱ्हाइकांना ‘जुना पार्ट’ म्हणून दाखवून झाली असेल.

परत गेलो. “पिशवी बदलली असेल, साहेब.” बोल्टांवरच्या चिखलाचं काय? “पावसात चालवता ना गाडी.” पैसे मिळाले नाहीत.

चेन मीच सैल केली. आधी चाक फिरवत चार-पाच ठिकाणी खेळ मोजला, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे सगळ्यात घट्ट लागते तिथलंच माप धरायचं. अ‍ॅक्सलचा नट ढिला करून दोन्ही अ‍ॅडजस्टर पाव-पाव फेरा, दोन्हीकडच्या खुणा सारख्या ठेवून. चाक पुढे ढकलल्याशिवाय चेन सैल होत नाही, हे मला अर्धा तास नट फिरवल्यावर कळलं. शेवटी अ‍ॅक्सल नट आवळला, खेळ पुन्हा मोजला, मागचा ब्रेक तपासला.

आवाज निम्मा झाला. उरलेला निम्मा मागच्या स्प्रॉकेटच्या बेअरिंगचा निघाला. ते दुसरीकडे बदलून घेतलं तेव्हा मी शेजारी स्टूल टाकून बसलो होतो.