व्हीआर अ‍ॅनिमेशन: ३६० अंशी व्हिडिओ की रिअल-टाइम सीन?

चित्राचा दर्जा नंतर पाहू. आधी व्हीआरमध्ये, म्हणजे हेडसेट घालून चहूबाजूंनी दिसणाऱ्या जगात, प्रेक्षक काय करणार ते ठरवा. खुर्चीत बसून नुसती मान वळवणार असेल तर आधीच तयार करून ठेवलेला ३६० अंशी व्हिडिओ चालतो. पुढे वाकून काही न्याहाळणार असेल तर रिअल-टाइमच हवं, म्हणजे डोकं हलेल तसं चित्र त्याच क्षणी बनवणारं. व्हिडिओत कॅमेऱ्याची जागा कायमची ठरलेली असते, त्यामुळे डोकं दहा सेंटिमीटर पुढे गेलं की दृश्य जवळ यायच्या ऐवजी अख्खं जग डोक्याबरोबर सरकतं. डोळे एक सांगतात, आतला कान दुसरंच, आणि मळमळायला लागतं.

केस, धूर, मऊ सावल्या यांसाठी व्हिडिओ उत्तम. हेडसेटला फक्त फाइल चालवायची असते. वेळ जातो तो रेंडरमध्ये, म्हणजे संगणकाने एकेक फ्रेम (चित्र) तयार करण्यात. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर एका मिनिटाच्या ३,६०० होतात, दोन डोळ्यांच्या मिळून ७,२०० प्रतिमा. प्रत्येकीला २ मिनिटं लागली तर एका मशीनवर १० दिवस! शिवाय ४,०९६ पिक्सेल ३६० अंशांत पसरले की अंशाला जेमतेम ११ येतात आणि बारीक अक्षरं वाचवत नाहीत. पाठीमागे काही घडतच नसेल तर १८० अंशांत काम करा. तेवढ्याच पिक्सेलमध्ये दुप्पट तपशील मिळतो.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सायकल्स या रेंडर इंजिनचा पॅनोरॅमिक कॅमेरा इक्विरेक्टँग्युलरवर (अख्खा गोल एका आयतात उलगडणारी मांडणी) ठेवून स्फेरिकल स्टिरिओ (दोन डोळ्यांसाठी वेगळी चित्रं) चालू करा, डोळ्यांतलं अंतर ०.०६५ मीटर. पोल मर्ज (अगदी वर-खाली दोन्ही चित्रं एक करणारी सोय) विसरलात तर थेट वर-खाली पाहताना दोन्ही डोळ्यांची चित्रं जुळत नाहीत. आणि व्हिडिओत मान खांद्याकडे कलली की खोलीचा (डेप्थचा) भास बिघडतो तो बिघडतोच.

रिअल-टाइममध्ये या अडचणी नाहीत, पण वेळेचं बंधन कडक: ७२ हर्ट्झला (सेकंदाला ७२ फ्रेम) फ्रेममागे १३.९ मिलिसेकंद, ९० ला ११.१. संगणकाविना चालणाऱ्या स्वतंत्र हेडसेटवर प्रकाश बेक करावा लागतो, म्हणजे त्याचा हिशोब आधीच करून पृष्ठभागांवर उमटवावा लागतो. धूर, काच, पानं असे पारदर्शक थर एकावर एक आले की फ्रेम वेळेत न बनता गळतात. फ्रेमला लागणाऱ्या वेळेचा सरासरी आकडा फसवा असतो. सगळ्यात जड क्षण मोजा.

कॅमेरा हलवण्याचे नियम मात्र दोन्हीकडे सारखेच. चित्रपटातून आलेल्या अ‍ॅनिमेटरचा हात इथे हमखास चुकतो: हळूहळू वेग घेणारी, हळूहळू थांबणारी चाल पडद्यावर देखणी दिसते, पण हेडसेटमध्ये तोच लांबलेला वेगबदल त्रास देतो. कीफ्रेम (हालचालीचे ठरवलेले टप्पे) बेझियरवरून (हळूहळू बदलणारा वेग) लिनिअर (एकसारखा वेग) करा, क्षितिज सपाट ठेवा आणि कॅमेरा वळवण्याऐवजी क्षणभर काळोख करून नवा कोन दाखवा. अर्ध्या मीटरच्या आत काही आणू नका. नजर तिरळी करावी लागते आणि डोळे दुखतात.

दोन्हींतलं थोडं थोडं हवं असेल तर साधारण २० मीटरपलीकडचं सगळं एका ३६० अंशी चित्रात रेंडर करून सीनभोवतीच्या घुमटावर लावा, अलीकडचं रिअल-टाइम ठेवा. इतक्या दूर दोन डोळ्यांच्या चित्रांत फारसा फरक उरत नाही, म्हणून एकच चित्र पुरतं. घुमट आणि रिअल-टाइम भाग यांचा सांधा उघडा पडतो तो जमिनीवर; तिथे झुडपं किंवा कठडा ठेवा आणि सूर्याची दिशा दोन्हीकडे तीच आहे ना, ते तपासा.