मिलानच्या दुओमोसमोर आम्हाला कसं गंडवलं, जाणाऱ्यांनी वाचून घ्या

इटलीत मिलानला जाणार असाल तर हे वाचूनच जा. दुओमो म्हणजे तिथलं मोठं कॅथेड्रल, त्याच्या आत काही होत नाही, जे काय होतं ते सगळं बाहेरच्या चौकात. मेट्रोच्या पायऱ्या चढून वर आलं की समोर एकदम ते अख्खं संगमरवरी प्रकरण उभं राहतं, माणूस मान वर करून बघतच बसतो, आणि हे गंडवणारे लोक नेमके तेव्हाच येतात.

आम्ही चौघं होतो, मी, नवरा आणि सासू-सासरे. एकजण हसत हसत आला, "इंडिया? नमस्ते! शाहरुख खान!" आणि आईंचा हात धरून तळहातावर मूठभर मक्याचे दाणे ओतले पण. विचारणं वगैरे काही नाही. दोन सेकंदात कबुतरं हातावर, खांद्यावर, एक तर डोक्यावर. आईंचं अर्धं आयुष्य दादरला गेलंय, कबुतरखान्याला दाणे टाकणं म्हणजे पुण्य, त्यामुळे त्या एकदम खूश. तेवढ्यात दुसऱ्याने "फोटो फोटो, फ्री" म्हणत नवऱ्याच्या हातातला फोन घेतला आणि धडाधड फोटो काढले (फोटो भारी आलेत, ते मान्य करावं लागेल). तिसऱ्याने तोवर बाबांच्या मनगटाला रंगीत दोऱ्याचं ब्रेसलेट बांधून टाकलं, "गिफ्ट, नो मनी". गाठ अशी मारतात की दुसऱ्या हाताने सुटत नाही, ओढलं की अजून आवळते, त्यामुळे काढून परत देता येत नाही आणि सगळी मेख तिथेच आहे.

मग सुरू झालं. मकावाला म्हणतो वीस युरो. अरे, फ्री म्हणाला होतास ना, तर म्हणे फोटो फ्री, मका नाही. फोनवाला फोन देत पण नाही आणि पळत पण नाही, नुसता हातात धरून हसतोय. नवऱ्याने पाच युरो काढायला पाकीट उघडलं तर मकावाल्याने सरळ आतल्या वीसच्या नोटेवर बोट ठेवलं. आवाज चढवतात, अजून दोघं-तिघं जवळ येऊन उभे राहतात, धक्का कोणी मारत नाही पण म्हातारी माणसं घाबरतातच. वीस मकावाल्याला, पाच ब्रेसलेटवाल्याला, म्हणजे अडीच हजाराच्या आसपास रुपये गेले ओंजळभर मक्यासाठी. आणि त्या चौकात कबुतरांना खायला घालायला मुळात बंदी आहे! दारावर बंदूकवाले फौजी असतात, पोलिसांची गाडीही असते, ती जरा हलली की ही सगळी मंडळी गर्दीत गायब, आणि पाच मिनिटांत परत हजर.

पण खरा चुना तिकिटात लागला. गळ्यात आयकार्ड अडकवलेला एक माणूस, इंग्रजी छान, कपडे नीटनेटके. म्हणाला काउंटरला दोन तासांची लाइन आहे, माझ्याकडे रेडी तिकिटं आहेत, गच्ची पण इन्क्लुडेड, लिफ्टने. बाबांचे गुडघे म्हणजे विचारू नका, म्हणून नवऱ्याने त्याला तीनतीनदा विचारलं, लिफ्ट नक्की ना? हो हो, लिफ्ट. तिकिटं घेतली, गच्चीच्या दारावर स्कॅन झाली, मशीन हिरवं झालं, आणि तिथल्या बाईने शांतपणे जिन्याकडे हात केला. तिकीट खरं होतं हो, पण जिन्याचं. अडीचशेच्या आसपास पायऱ्या, त्याही गोल गोल. परत चौकात आलो तर तो आयकार्डवाला कुठला भेटायला. काउंटरवाले म्हणाले आम्ही विकलेलं नाही, आम्ही बदलून देऊ शकत नाही, आणि त्यांचं तरी काय चुकलं. वर बोर्डावरचा दर बघितला तर आम्ही माणशी जवळजवळ दुप्पट मोजले होते. आणि लाइन? पंधरा-वीस माणसं.

बाबा मग खालीच थांबले, चर्चच्या आत. तिथे सेंट बार्थोलोम्यूचा पुतळा आहे, 1562 चा, मार्को द'अग्राते नावाच्या शिल्पकाराचा. या संताची जिवंतपणी कातडी सोलली होती अशी कथा, तर पुतळ्यात तो स्वतःचीच कातडी उपरण्यासारखी अंगावर टाकून उभा आहे, शीर न् शीर दिसते. हाच संत पूर्वी आपल्या कल्याणच्या बाजूला येऊन गेला असं मानणारे अभ्यासकही आहेत. बाबा म्हणाले, याची आत सोलली, आपली बाहेर.

बाकी जागा बघायलाच हवी, त्यात वादच नाही. 1386 ला काम सुरू झालं आणि शेवटचा दरवाजा बसला 1965 ला. आम्ही तिघं जिन्याने वर गेलो, 135 शिखरं, प्रत्येकावर कोणाचा तरी पुतळा, आणि सगळ्यात उंच सोन्याचा मुलामा दिलेली मारिया, म्हणजे येशूची आई.

तर आता जाणाऱ्यांसाठी. तिकीट दुओमोच्या अधिकृत साइटवरून (दुओमोमिलानो डॉट आयटी) किंवा त्यांच्याच काउंटरवर घ्या, समोर तोंड करून उभं राहिलं की उजव्या अंगाला आहे. गच्चीची दोन तिकिटं असतात, जिन्याचं आणि लिफ्टचं, लिफ्टच्या तिकिटावर "आशेन्सोरे" (ascensore) असं छापलेलं असतं, पैसे द्यायच्या आधी ते बघा. खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, हे सांगून चौकात स्टोल गळ्यात मारतात, घरून एक ओढणी न्या. कोणी हातात काही द्यायला आला तर हात पुढे करायचाच नाही, बोलायचं पण नाही, चालत राहायचं, "नो थँक्यू" म्हटलं तरी त्यांना गप्पा सुरू झाल्यासारखं वाटतं. फोटो काढायला सांगायचंच असेल तर स्वतः निवडून एखाद्या फॅमिलीला सांगा.

आणि तिथून किल्ल्याकडे, म्हणजे कास्तेल्लो स्फोर्झेस्कोकडे, चालत जाणार असाल तर ब्रेसलेटवाले तिथेही आहेत, आम्हाला संध्याकाळी परत भेटले, बाबांच्या हातातलं आधीचं दाखवलं तरी दुसरं बांधायला बघत होते.