फ्रेंच सब्जाँक्तिफ: प्रेझाँवर भागवायचं की अँपार्फेही पाठ करायचा?

फ्रेंचच्या वर्गातून बाहेर पडून विद्यार्थी एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्या उघडतो, तेव्हा त्याला अशी क्रियापदं भेटू लागतात जी वर्गात कुणी उच्चारलेली नसतात. 'फ्यू', 'यू', 'व्हँ', 'प्यू', आणि प्रत्येकाच्या स्वरावर टोपी (^ ही खूण). व्याकरणाच्या पुस्तकात अगदी शेवटी त्यांचा तक्ता सापडतो आणि वर नाव असतं 'सब्जाँक्तिफ अँपार्फे', म्हणजे इच्छा, गरज, शंका सांगणाऱ्या क्रियापदरूपाचा (सब्जाँक्तिफचा) भूतकाळ. आता हा तक्ता पाठ करायचा, की आधी शिकलेल्या 'सब्जाँक्तिफ प्रेझाँ'वर, म्हणजे त्याच्या वर्तमानकाळावर, निभावून न्यायचं? (साध्या वाक्यातला अँपार्फे हा वेगळा काळ आहे. या लेखात प्रेझाँ आणि अँपार्फे म्हणजे सब्जाँक्तिफचेच दोन काळ.)

माझं मत आधीच सांगतो. लिहिण्या-बोलण्यासाठी प्रेझाँ पुरतो. अँपार्फे ओळखता मात्र आलाच पाहिजे, आणि तोही चांगला, कारण त्याच्याशिवाय फ्रेंच साहित्य नीट वाचता येत नाही. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. सहा पुरुषांचे तक्ते घोकतात, आणि वाचताना 'फ्यू'वरची टोपी न बघता पुढे जातात.

दोघांची कामं शेजारी ठेवून पाहू. जुना नियम असा: मुख्य वाक्य वर्तमानात किंवा भविष्यात असेल तर गौण वाक्यात प्रेझाँ, आणि मुख्य वाक्य भूतकाळात किंवा संकेतार्थात असेल तर अँपार्फे. 'त्याने यायला हवं' हे 'इल फो किल व्हिएन'. 'त्याने यायला हवं होतं' हे जुन्या नियमाने 'इल फाले किल व्हँ', आजच्या फ्रेंचमध्ये 'इल फाले किल व्हिएन'. मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं, गौण क्रियापद जागचं हललं नाही.

मराठी माणसाला ही दुसरी पद्धत सहज पटते. 'त्यानं यावं असं मला वाटतं' आणि 'त्यानं यावं असं मला वाटत होतं', दोन्हीकडे 'यावं' तेच राहतं. काळ मुख्य क्रियापदाने सांगितलेला असतो, 'यावं'ने फक्त इच्छा सांगायची. आजचं फ्रेंच नेमकं हेच करतं, म्हणून आपल्याला प्रेझाँ वापरताना काही हरवल्यासारखं वाटत नाही. खरं तर हरवतही नाही. मुख्य घटनेच्या आधी घडून गेलेली गोष्ट सांगायची असेल तर 'सब्जाँक्तिफ पासे' हाताशी असतो, त्यामुळे 'तो येईल' आणि 'तो येऊन गेला असेल' हा फरक प्रेझाँ आणि पासे मिळून सांभाळतात.

एक छोटा अपवाद आहे आणि तो मला फार आवडतो. 'प्लेझ आ द्य' म्हणजे देव करो आणि असं होवो, अजून आशा आहे. 'प्लू ता द्य' म्हणजे असं असतं तर किती बरं झालं असतं. आशा जवळजवळ संपली आहे. क्रियापद एकच, 'प्लेर'. पहिला प्रेझाँ, दुसरा अँपार्फे. इथे काळ बदलला की अर्थही बदलतो. पण असे ठरीव प्रयोग बोटांवर मोजण्याइतकेच उरलेत.

आता रूपं. इथे अँपार्फेबद्दलची भीती अनाठायी आहे, उलट नियमितपणात तो प्रेझाँपेक्षा सरस ठरतो. प्रेझाँमध्ये एत्र (असणे), आव्ह्वार (जवळ असणे), आले (जाणे), फेर (करणे), साव्ह्वार (माहीत असणे), पूव्ह्वार (शकणे), व्हूल्वार (हवे असणे) यांची रूपं वेगवेगळी लक्षात ठेवावी लागतात: स्वा, ए, आय, फास, साश, प्वीस, व्हय. अँपार्फेत एकच कृती आहे. पासे सँप्लचं (कथा-कादंबऱ्यांतल्या लेखी भूतकाळाचं) 'तू'चं रूप घ्या, जे नेहमी एस अक्षराने संपतं, आणि त्याला 'एस-ई' ही दोन अक्षरं जोडा. 'तू पार्ला'पासून 'पार्लास', 'तू फ्यू'पासून 'फ्यूस', 'तू व्हँ'पासून 'व्हँस'. बाकीचे पुरुष याच पायावर उभे राहतात: पार्लासियों, पार्लासिए, पार्लास. फक्त तृतीय पुरुष एकवचन वेगळं: तिथे दुहेरी एस जातो, स्वरावर टोपी येते आणि शेवटी टी, जो ऐकू येत नाही. या कृतीला जवळजवळ अपवाद नाही. सगळी अडचण एकच, पासे सँप्ल आधी आला पाहिजे. तो येत असेल तर अँपार्फे एका संध्याकाळी होतो. येत नसेल तर आधी पासे सँप्लच शिका, वाचनासाठी त्याची गरज कितीतरी जास्त आहे.

फिनीर (संपवणे) गटातल्या क्रियापदांची गंमत अशी की तिथे दोन्ही सब्जाँक्तिफ जवळजवळ एकच आहेत. फिनीस, फिनीसियों, फिनीसिए, सगळं तेच. फरक फक्त 'इल'च्या (तो) रूपात: प्रेझाँत 'फिनीस', अँपार्फेत टोपीवाला 'फिनी'.

इतका सरळ काळ मग बोलण्यातून गेला का? तो ज्या पासे सँप्लवर उभा आहे तोच बोलण्यातून गेला, म्हणून. शिवाय 'आसियों', 'आसिए' ही शेवटं कानाला जड लागतात. रेव्हासे, त्रेनासे अशा क्रियापदांतला 'आस' फ्रेंच कानाला हलक्या, रेंगाळलेल्या, काहीशा तुच्छ अर्थाचा वाटतो, त्यामुळे 'पार्लासियों' ऐकून आज माणूस हसतो. तृतीय पुरुष एकवचन मात्र आखूड आहे, पासे सँप्लसारखंच ऐकू येतं, कुठे खटकत नाही. म्हणून लिखाणात तेवढंच टिकलं. गंभीर फ्रेंच गद्यात आजही 'ब्यँ किल फ्यू' (तो असला तरी) सहज दिसेल. 'ब्यँ क नू फ्यूसियों' (आम्ही असलो तरी) लिहिणारा विरळा.

नियमाच्या बाजूनेही काळजीचं कारण नाही. 26 फेब्रुवारी 1901 च्या सरकारी आदेशाने फ्रान्समधल्या परीक्षांत संकेतार्थी मुख्य वाक्यानंतर प्रेझाँ चालवून घेतला. 28 डिसेंबर 1976 च्या आदेशाने ती सवलत भूतकाळी मुख्य वाक्यालाही दिली. म्हणजे 'तो लवकर यावा अशी माझी इच्छा होती' या वाक्यात 'व्हँ' आणि 'व्हिएन' दोन्ही मान्य. डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेत बी१ वा बी२ पातळीला प्रेझाँ चोख हवा, अँपार्फे लिहून दाखवा असं कोणी म्हणत नाही. तिथल्या निबंधात मुद्दाम अँपार्फे पेरणाऱ्या विद्यार्थ्याला मी थांबवेन. आसपासच्या साध्या वाक्यांत ते रूप परकं दिसतं आणि टोपी राहिली तर चूक ठरतं.

वाचनात मात्र पारडं पूर्ण फिरतं. 'फ्यू' टोपीशिवाय असेल तर पासे सँप्ल, म्हणजे 'तो होता', घडलेली गोष्ट. टोपी असेल तर सब्जाँक्तिफ: असावा, असो, असला तरी. उच्चार एकच. 'यू'चंही तसंच. म्हणून वाक्यातले खुणेचे शब्द बघायची सवय लावून घ्या. 'आव्हाँ क' (पूर्वी), 'ब्यँ क' (जरी), 'पूर क' (म्हणून), 'साँ क' (शिवाय) यांच्यामागे आलेला 'फ्यू' टोपीवालाच असणार. 'आप्रे क'च्या (नंतर) मागे मात्र घडून गेलेली गोष्ट येते, तिथे टोपी नको. खुद्द फ्रेंच लोक इथे चुकतात, साध्या 'फ्यू'वर टोपी चढवून ठेवतात, त्यामुळे इंटरनेटवरच्या मजकुरात टोपीवर आंधळा विश्वास ठेवू नका. आणि टोपी दिसली म्हणजे सब्जाँक्तिफच, असंही नाही. 'नू फ्यूम' (आम्ही होतो) आणि 'व्हू फ्यूत' (तुम्ही होता) हे पासे सँप्लचे प्रकारही टोपी घालतात. 1990 च्या शुद्धलेखन सुधारणेने आय आणि यू या अक्षरांवरच्या बऱ्याच टोप्या काढल्या, पण या दोन काळांतल्या ठेवल्या, कारण इथे त्या क्रियापदाच्या शेवटाची खूण आहेत.

आणखी एक जागा अडवते. 'ऑन्यू दी' हा प्रयोग कादंबऱ्यांत सारखा येतो: 'जणू कोणी म्हणावं'. दिसायला सब्जाँक्तिफचा जोडकाळ, पण काम करतो संकेतार्थाचं. 'इल्यू फालू' म्हणजे 'हवं होतं, पण झालं नाही'. इथे 'क' नाही, इच्छा नाही, भीती नाही, तरी टोपी आहे. हा एक प्रकार वेगळा लक्षात ठेवला की बरीचशी गोंधळलेली पानं उलगडतात. त्याच्या जोडीला 'न फ्यूस क' (निदान तेवढ्यासाठी तरी) आणि 'द्यू तिल' (त्याला करावं लागलं तरी) हे दोन ठरीव प्रयोग.

गोव्यात पोर्तुगीज शिकून फ्रेंचकडे आलेल्यांनी जास्त सावध राहावं. पोर्तुगीजमध्ये हा काळ रोजच्या बोलण्यात जिवंत आहे. 'मी असतो तर' म्हणताना 'फोस' येतोच. फ्रेंच 'फ्यूस' आणि पोर्तुगीज 'फोस' एकाच लॅटिन रूपातून आलेत. पण फ्रेंचमध्ये 'सी'नंतर (जर) साधा अँपार्फे लागतो, 'सी जेते'. तिथे 'फ्यूस' लिहिलंत तर चुकलात.

नोकरी, परीक्षा, प्रवास, पत्रव्यवहार यासाठी फ्रेंच शिकत असाल तर प्रेझाँ पक्का करा आणि अँपार्फे निर्धास्त सोडा. साहित्याच्या अभ्यासाला बसणार असाल तर तृतीय पुरुष एकवचन आणि अनेकवचन डोळ्यांनी झटकन ओळखता येईपर्यंत वाचा. एत्र, आव्ह्वार, फेर, व्हनीर (येणे), पूव्ह्वार, साव्ह्वार, द्व्ह्वार (करावं लागणे) एवढी सात क्रियापदं आली तरी बरंच काम होतं.

अनुवादकाचा निर्णय थोडा निराळा. जुन्या काळातली मराठी कथा फ्रेंचमध्ये नेताना निवेदन पासे सँप्लमध्ये असेल, तर 'इल'च्या रूपात अँपार्फे वापरावा, तो तिथे शोभतो. 'नू' आणि 'व्हू'शी गाठ पडली की वाक्यच बदलावं: दोन्ही क्रियापदांचा कर्ता एकच असेल तर मूळ धातू, नाहीतर नाम. 'तो येण्यापूर्वी'साठी 'आव्हाँ सोनारिव्हे' लिहिलं की सब्जाँक्तिफची गरजच उरत नाही. निवेदन पासे कोंपोझेत (बोलण्यातल्या भूतकाळात) असेल तर मात्र सगळीकडे प्रेझाँ, संवादात तर कायमच प्रेझाँ.