४ लायसन्स विकली आणि ऑडिटला ४८ मागितली

लाज वाटते म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. पंधरा वर्षं सर्व्हर सांभाळतोय, तरी फसलो.

एका व्हर्च्युअल मशीनवर (खऱ्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरने बनवलेला आभासी संगणक) डेटाबेस हवा होता, ८ व्हर्च्युअल कोअर (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा भाग). विक्रेत्याचा माणूस म्हणाला, "तुमच्या चिपला कोअर फॅक्टर ०.५. म्हणजे ४ लायसन्स, झालं!" कोअर फॅक्टर म्हणजे कोअरच्या संख्येला ज्याने गुणून लायसन्स काढतात तो आकडा. घेतली. तीन वर्षांनी डेटाबेस बनवणाऱ्या कंपनीचं ऑडिट आलं. त्यांनी मशीनकडे बघितलंच नाही, अख्खा क्लस्टर (एकत्र जोडलेले सर्व्हर) मोजला. ३ होस्ट (खरे सर्व्हर), प्रत्येकी २ प्रोसेसर, प्रत्येक प्रोसेसरला १६ कोअर. ९६ कोअर, त्याचे निम्मे ४८. ४४ कमी, वर त्या ४४चा तीन वर्षांचा सपोर्ट.

करारात व्याख्या आहे: सॉफ्टवेअर जिथे बसवलं किंवा चालू आहे ते सगळे प्रोसेसर. मशीन कुठल्याही होस्टवर सरकू शकतं, म्हणून तिन्ही धरले. मशीन कुठे चालावं याची हायपरव्हायझरमध्ये (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) घातलेली मर्यादा ते मानत नाहीत.

मी बेफिकीर नव्हतो. आमच्याकडे मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस, एसक्यूएल सर्व्हर २०१९ही आहे. त्यात मशीनला दिलेले व्हर्च्युअल कोअर मोजून लायसन्स घेता येतं, दर मशीनला किमान ४. तोच नियम इथे असेल असं कुणालाही वाटलं असतं. तरी मी विक्रेत्याच्या त्या माणसाला मेल केला होता, "८ कोअरचंच लायसन्स पुरेल ना?" त्याने मेलला उत्तर दिलं नाही, फोन केला. तिथेच कळायला हवं होतं! तोंडी "हो हो, पुरेल", आणि कोटेशनच्या तळाला बारीक अक्षरात, "मोजणीची जबाबदारी ग्राहकाची". त्यावर मीच सही केली. रात्री झोपताना तो फोन आठवतो.

फोनवरचं उत्तर उत्तर नसतं, लेखी घ्या.

डेटाबेसच्या कंपनीला कळवलं तर म्हणे विक्रेता स्वतंत्र आहे, त्याच्याशी बोला. विक्रेता म्हणतो तो माणूस नोकरी सोडून गेला. सपोर्टने सेल्सकडे पाठवलं, सेल्सने ऑडिटकडे, ऑडिटने परत विक्रेत्याकडे. पोलिसांनी तर अर्जही घेतला नाही. "सही तुमची आहे ना? मग हा व्यवहाराचा वाद." तासभर बसवून ठेवलं आणि कोअर म्हणजे काय हेही कुणी विचारलं नाही. फसवणूक फक्त ओटीपी मागूनच होते का?

ऑडिटवाल्यांची स्क्रिप्ट (सर्व्हरची माहिती गोळा करणारा छोटा प्रोग्राम) वकिलाला करार दाखवल्याशिवाय चालवू नका. मी चालवली, क्लस्टरची सगळी माहिती आयती त्यांच्या हातात दिली. "प्रोसेसर"ची व्याख्या सहीआधी वाचा, आणि क्लस्टरमधले सगळे कोअर मोजून खर्च काढा.

आता डेटाबेस क्लस्टरबाहेर काढून वेगळ्या सर्व्हरवर ठेवलाय. ऑडिटवाले म्हणतात, ते पुढचं झालं, मागचे ४४ कधी भरताय?