ग्रेडेड एक्सरसाइज की पेसिंग?

एमई/सीएफएस म्हणजे थोड्याशा श्रमानेही माणूस कोसळतो असा दीर्घकाळ चालणारा थकव्याचा आजार. त्याच्या रुग्णांपुढे ब्रिटनमध्ये बरीच वर्षं हे दोन मार्ग होते. पहिल्यामागचा समज असा की, शरीर पडून राहून अशक्त झालंय आणि हालचालीची भीती मनात बसलीय. म्हणून व्यायाम ठरवून वाढवत न्यायचा. २०११ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या, ६४१ रुग्णांच्या पेस चाचणीने याला बळ दिलं. पण आज नुसते केस धुतले तरी परवा अंथरुणातून उठवत नाही, ही भीती नव्हे, हाच आजार आहे!

पेसिंगमध्ये अंगात त्राण असतानाच थांबायचं. भाजी बसून चिरायची, केस धुतले त्या दिवशी स्वयंपाक नाही. आजार जात नाही, पण कोसळण्याची पाळी कमी येते. मी पेसिंगच निवडेन. २०२१ मध्ये उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेनेही ग्रेडेड एक्सरसाइज देऊ नये असं सांगितलं. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला मदत करणारी मानसोपचार पद्धत, तीही फक्त आधारापुरती, आजार बरा करणारी म्हणून नाही.