वजन घटवणारी कॉफी, अर्थात तिच्यामागचा प्लॅन: काही महिने वापरल्यानंतर

कॉफी प्यायला वाईट नाही. इन्स्टंट कॉफीची असते तशीच चव, किंचित तुरट, आणि घोट संपल्यावर जिभेवर रेंगाळणारा स्टीव्हियाचा गोडवा. पुडी गरम पाण्यात नीट विरघळते, तळाला गाळ राहत नाही. चवीचं एवढंच.

काही महिने मी ही कॉफी घेतली आणि तेवढेच महिने तिचा डिस्ट्रिब्युटरही होतो. ओळखीतल्या एकाने साखळी-विक्रीचा प्लॅन (स्वतः माल घ्यायचा, खाली माणसं जोडायची, त्यांच्या खरेदीवर कमिशन मिळवायचं) दाखवला तेव्हाच त्याला सांगितलं होतं, की मी वही ठेवणार: एका पानावर वजन, दुसऱ्यावर जमाखर्च. तो म्हणाला, "आकडे नंतर बघ रे, आधी मीटिंगला तर ये." कंपनीचं नाव इथे देत नाही. नाव बदललं तरी प्लॅन फारसा बदलत नाही.

आधी वजनाचं पान. सुरुवातीच्या आठवड्यांत वजन उतरलं, डिस्ट्रिब्युटरांच्या ग्रुपवर टाकायला लगेच फोटोही मागितला गेला. पण डब्यासोबत एक कागद येतो: नाश्त्याऐवजी कॉफी, रात्री हलकं जेवण, साखर बंद, रोज चालणं. एवढं सगळं पाळलं तर कॉफीच्या जागी कोमट पाणी घेतलं तरी काटा खाली येईल. म्हणून पुढे मी कागदावरचं सगळं तसंच ठेवलं आणि पुड्यांऐवजी साधी काळी कॉफी घेतली. वजन त्याच गतीने उतरत राहिलं. एकट्या माणसाच्या प्रयोगाला पुरावा म्हणत नाहीत, पण जास्तीचे पैसे मी कशासाठी मोजत होतो एवढं मला कळलं.

पुडीच्या मागे कॅफिन, ग्रीन कॉफीचा अर्क, गार्सिनिया, एल-कार्निटिन, क्रोमियम अशी नावं आहेत आणि सगळ्यांचं मिळून एकच वजन, 'प्रोप्रायटरी ब्लेंड' म्हणून. कोणता घटक किती, हे कळायला मार्ग नाही. कॅफिनमुळे चयापचय थोडा वेळ वाढतो हे खरं आहे. १०० मिलिग्रॅममागे साधारण ३ ते ४ टक्के, तोही काही तासांपुरता. साधी कॉफीही तेच करते. ग्रीन कॉफीच्या ज्या अभ्यासाची स्लाइड मीटिंगमध्ये झळकते तो २०१२ चा, अवघ्या १६ जणांवरचा. तो २०१४ मध्ये मागे घेतला गेला, आणि त्याच वर्षी फेडरल ट्रेड कमिशनशी (ग्राहकांची फसवणूक रोखणारी अमेरिकेची सरकारी संस्था) झालेल्या तडजोडीत अर्क बनवणाऱ्या कंपनीला ३५ लाख डॉलर भरावे लागले. स्लाइड मात्र अजून निवृत्त झालेली नाही. गार्सिनियाच्या बाबतीत यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. त्याबद्दल ग्रुपवर कधी एक ओळ दिसली नाही.

सुरक्षिततेचा मुद्दा मात्र मी हलका धरणार नाही. 'वजन घटवणारी' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच कॉफींमध्ये लेबलवर न छापलेलं सिब्युट्रामीन सापडल्याचे इशारे अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, वेळोवेळी दिले आहेत. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका दिसल्यामुळे २०१० मध्ये अमेरिका आणि युरोपच्या बाजारांतून मागे घेतलं गेलेलं हे औषध. माझ्या डब्यात ते होतं असं मी म्हणत नाही. पण बॅचचा तपासणी अहवाल मागितला तेव्हा मला कारखान्याच्या स्वच्छतेचं प्रमाणपत्र आणि एक व्हिडिओ आला. एखाद्या कॉफीने भूक एकाएकी मरत असेल, तोंड कोरडं पडत असेल, नाडी धावत असेल, तर ती 'असर करतेय' म्हणून खूश होण्याऐवजी पुडी घेऊन डॉक्टर गाठा. शिवाय निरोगी प्रौढासाठी कॅफिनची दिवसाची मर्यादा साधारण ४०० मिलिग्रॅम धरतात. लेबलवर प्रमाणच नसताना 'दिवसाला तीन पुड्या घ्या' असा सल्ला ग्रुपवर सर्रास चालतो. मी एकदाच पाळला. त्या रात्री छताचा चांगला अभ्यास झाला.

आता दुसरं पान. कमिशन मिळवायचं तर दर महिन्याला ठरावीक पॉइंटची (खरेदीवर मिळणारे गुण) खरेदी करून 'ॲक्टिव्ह' राहावं लागतं. पॉइंट कमी पडले की खालच्यांच्या खरेदीवरचं कमिशन त्या महिन्यापुरतं गेलं. म्हणजे माल खपो न खपो, डबा उचलायचाच. माझ्या वहीत गिऱ्हाइकांचा रकाना होता, त्यात नावापुढे मी 'आतला' (स्वतःच डिस्ट्रिब्युटर) किंवा 'बाहेरचा' (नुसता गिऱ्हाईक) लिहीत असे. बाहेरच्यांनी बहुतेक एकदाच डबा घेतला, तोही ओळखीखातर. दुसऱ्यांदा मागणारे जवळजवळ सगळे आतलेच, पॉइंट भरायला निघालेले. साध्या कॉफीच्या कितीतरी पट किंमत आतलाच मोजतो, कारण त्याला कॉफीबरोबर वरच्या कमिशनची आशा विकलेली असते. आणि ते कमिशन त्याच किमतीतून काढलेलं असतं.

किरकोळ विक्रीच्या नफ्याची गंमत वेगळीच. छापील किमतीवर चांगला नफा आहे असं शिकवतात. पण सोडून गेलेले लोक उरलेले डबे ऑनलाइन खरेदीच्याही खालच्या दराने काढून टाकतात, त्यामुळे माझा खरा स्पर्धक कालचा डिस्ट्रिब्युटरच होता.

मी हेच साखळीत माझ्या वर असलेल्या मॅडमना विचारलं: "आपल्या टीममधले किती डबे बाहेरच्या गिऱ्हाइकांना जातात?" त्या म्हणाल्या, "सर, आपण कॉफी विकत नाही, आपण संधी देतो." इतकं प्रामाणिक उत्तर मला त्या सबंध काळात दुसरं मिळालं नाही.

आणि संधीचं गणित तरी काय? 'प्रत्येकाने फक्त पाच जण जोडायचे' हे ऐकायला सोपं वाटतं. तेराव्या पातळीवर १२२ कोटी माणसं लागतात, चौदाव्यावर ६१० कोटी आणि पंधराव्यावर ३००० कोटींच्या वर, म्हणजे जगात आहेत त्यांच्या जवळपास चौपट. प्रत्यक्षात साखळी त्याच्या फार आधी थांबते, आणि थांबते तिथे सर्वात खालच्या पातळीवरचेच संख्येने सर्वाधिक असतात. फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये अशा कंपन्यांची ७० उत्पन्न-पत्रकं (सहभागी किती कमावतात हे सांगणारे कंपन्यांचेच कागद) तपासली, तेव्हा बहुतेक सहभागींची वर्षाची कमाई १००० डॉलर किंवा त्याहून कमी असल्याचं दिसलं, आणि त्या पत्रकांत खर्च सहसा धरलेलाच नव्हता. माझ्या वहीत तो होता: डबे, 'सिस्टीम'ची फी, सेमिनारची तिकिटं, प्रवास. तो धरला की जमेची बाजू कायम खाली राहिली.

सगळ्याच साखळी-विक्री कंपन्या बेकायदा असतात असं नाही. १९७९ मध्ये ॲमवेच्या खटल्यात अमेरिकेत तिला पिरॅमिड (माल विकण्याऐवजी माणसं जोडण्यावर पैसे देणारी बेकायदा योजना) ठरवलं गेलं नाही. त्यामागे तिचे नियम होते: घेतलेल्यापैकी ७० टक्के माल विकलेला असावा, दर महिन्याला दहा वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना विक्री व्हावी, न खपलेला माल परत घेतला जावा. २०१६ मध्ये अशाच हर्बालाइफ कंपनीला फेडरल ट्रेड कमिशनशी झालेल्या तडजोडीत २० कोटी डॉलर भरावे लागले, आणि निदान दोन तृतीयांश मोबदला पडताळलेल्या किरकोळ विक्रीवरच द्यायची अट आली. माझ्या कंपनीच्या कागदांत बाहेरच्या गिऱ्हाइकाच्या पावतीला जागाच नव्हती. पॉइंट कोणी भरले एवढंच सॉफ्टवेअर मोजत होतं.

बाहेर पडणं मला वाटलं त्यापेक्षा सोपं गेलं. ऑटोशिप, म्हणजे ठरावीक मुदतीने आपोआप जाणारी ऑर्डर, आधी बंद केली, ती ॲपवरून नाही, ईमेलने, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. न उघडलेले डबे परत घेतले गेले, त्यावर मिळालेलं कमिशन आणि पाठवणीचा खर्च कापून. परतीची मुदत डब्याच्या बिलाच्या तारखेपासून मोजतात, हाती पडल्यापासून नाही. त्यात जुना एक डबा राहिला. तो मी दोन आठवड्यांत पिऊन संपवला, दिवसाला एकच पुडी, साखर न घालता.