परिघासाठी पायची (π, म्हणजे परीघ भागिले व्यास) किंमत २२/७ की ३.१४?
समजा, घोडबंदर रोडवरच्या सोसायटीत गोल कारंज्याभोवती कठडा बांधायचाय. व्यास ३.५ मीटर. २२/७ घेतलं की परीघ तोंडीच निघतो, ११ मीटर. ३.१४ ने गुणलं तर १०.९९. व्यासाला ७ ने सहज भाग जातो तिथे मी २२/७ च घेईन. ते पायच्या खऱ्या किमतीपेक्षा किंचित मोठं, ३.१४ किंचित लहान. त्यामुळे माल कमी पडत नाही. पुष्कळांना दशांशच जास्त अचूक वाटतो, पण चूक २२/७ मध्ये साधारण ०.००१३ आणि ३.१४ मध्ये ०.००१६!

त्रिज्या १० मीटर असेल तर मात्र ३.१४ सोयीचं: क्षेत्रफळ लगेच ३१४ चौरस मीटर. परीक्षेत प्रश्नात दिलेली किंमतच वापरावी.